आईसाठी पंच्याहत्तर इंच

२ सप्टेंबर

निर्णय झाला. टीव्ही घ्यायचा. मोठा. आठ दिवसांत.

कारणं दोन. एक, जुन्या टीव्हीवर उभी हिरवी रेघ आली आहे आणि ती बरोबर बातम्या देणाऱ्याच्या नाकावरून जाते. दोन, आई. आई जूनमध्ये पंधरा दिवसांसाठी म्हणून धाकट्याकडे गेली ती अजून तिथेच आहे. असं का व्हावं, याचा आज ऑफिसातून आल्यावर शांतपणे विचार केला. आपल्याकडे तिला काय कमी होतं? हॉलमध्ये खिडकीखाली ऐसपैस दिवाण, डोक्यावर पंखा, समोर टीव्ही. रात्री मी दमूनभागून चर्चेचे कार्यक्रम लावायचो तेव्हा ती दिवाणावर जागी राहून मला सोबत करायची. डोळे मिटलेले असायचे, पण लक्ष इकडेच. मधूनच विचारायची, अजून किती वेळ चालेल रे हे? गोडी असल्याशिवाय कोण विचारतं?

तेव्हा उत्तर एकच. धाकट्याचा टीव्ही आपल्यापेक्षा मोठा असणार. आज फोनवर तिला सरळच विचारलं, त्याचा टीव्ही मोठा आहे ना? ती म्हणाली, हो रे, मोठाय की. बरं आहे इथे.

निदान पक्कं झालं. हातच्या काकणाला आरसा कशाला.

नोव्हेंबरच्या पंधरा तारखेला ती आपल्या जवळच्या दंतवैद्याकडे नवी कवळी बसवायला येणार आहे. राहणार का, विचारलं, तर म्हणाली, तेव्हा बघू. बघूच. दारातून आत येईल, समोरचा टीव्ही बघेल, आणि राहील. आठ दिवसांत खरेदी आटोपली की मधले दोन महिने हाताशी राहतात. त्यात सकाळी फिरायला जाणेही सुरू करायचं आहे.

४ सप्टेंबर

घरात बैठक घेतली. बायको, मुलगी, मी. बायको भाजी निवडत होती, मुलगी फोनमध्ये होती, तरी कोरम पुरा धरला.

मी दोघींना पद्धत समजावून सांगितली. कारखान्याच्या खरेदी विभागात माझा जन्म गेला. वॉशरपासून बॉयलरपर्यंत सगळं घेतलं. आधी गरज ठरवायची, मग तांत्रिक तपशील, मग तीन कोटेशनं, मग तुलनात्मक तक्ता, मग मंजुरी. बायको म्हणाली, अहो, दुकानात जायचं, बघायचं, घेऊन यायचं. घरं बुडतात ती अशाने.

मग ती म्हणाली की आईंनाच एकदा नीट विचारा ना, त्या का जाऊन राहिल्यात ते. मला हसू आलं. वापरणाऱ्याला विचारायचं नाही, हा खरेदीतला पहिला धडा. त्याला विचारलं की तो रंगाबद्दल बोलायला लागतो. गेल्या वर्षी कामगारांचे हातमोजे घेतले तेव्हा कोणालाही विचारलं नाही; सगळे एका मापाचे मागवले आणि आठवड्यात फाइल बंद केली. आता ते मोजे कोणी घालत नाही, पण तो शिस्तीचा प्रश्न झाला, खरेदीचा नव्हे.

मुलगी मान वर न करता म्हणाली, आजी कुठे टीव्ही बघते, बाबा? घरातल्या म्हाताऱ्या माणसांकडे या पिढीचं लक्षच नसतं.

९ सप्टेंबर

शोरूमला गेलो. भिंतभर टीव्ही. सगळ्यांवर एकच पोपट. पोपट संपला की मध गळतो, मध संपला की पाण्यात शाई पसरते, मग पुन्हा पोपट. मी तासभर बघत होतो. कोणता टीव्ही चांगला ते कळलं नाही, पोपट मात्र पाठ झाला.

सेल्समन माझ्याइतकाच थकलेला होता. सर, घरी कोण बघणार, असं त्याने विचारलं. आई, मी म्हणालो. तो म्हणाला, वय झालेलं असेल तर सर साधाच घ्या, बटणं कमी असलेला. गिऱ्हाइकाला स्वस्तातला माल गळ्यात मारण्याची ही नवी तऱ्हा दिसते. मी त्याला कडक आवाजात तांत्रिक तपशील छापून मागितला. त्याने पुठ्ठ्याच्या खोक्याचा फोटो काढून घ्या म्हणून सांगितलं.

परत येताना गुडघा दुखला.

११ सप्टेंबर

आठ दिवस कधीच झाले. घाईची खरेदी म्हणजे दुप्पट खर्च. मुदत महिनाअखेरपर्यंत वाढवली. फिरायला जाणे सोमवारपासून.

१५ सप्टेंबर

ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर जो बसतो त्याला आम्ही सर्वज्ञ म्हणतो. त्याला विचारण्याची चूक झाली. जेवणाची सुट्टी पूर्ण गेली. एका जातीच्या पडद्यात काळा रंग खरा काळा दिसतो म्हणे, पण तो पडदा कालांतराने डागाळतो. दुसऱ्या जातीचा डागाळत नाही, पण त्यातला काळा म्हणजे करडा. मी विचारलं, मग घ्यायचा कोणता? तो म्हणाला, थांबायचं. पुढच्या वर्षी तिसरी जात येते आहे.

त्याच्या घरी टीव्हीच नाही, हे सुट्टी संपता संपता कळलं. थांबलाय तो. गेली सहा वर्षं.

२० सप्टेंबर

आकार ठरवण्यासाठी रद्दीची वर्तमानपत्रं चिकटवून तीन कागदी टीव्ही केले. पंचावन्न, पासष्ट, पंच्याहत्तर. भिंतीवर एकावर एक लावले. शास्त्रीय पद्धत आहे. काही दिवस बघत राहायचं, मग आपोआप कळतं.

बायकोने विचारलं की रंगाचे पोपडे निघाले तर कोण बघणार. खर्च कोण करणार, असं नाही म्हणाली. बघणार कोण म्हणाली. म्हणजे मीच.

२२ सप्टेंबर

पंचावन्न भित्रा वाटतो. पासष्ट ठीक. पंच्याहत्तरकडे पाहिलं की छाती भरून येते. मुलीने त्यावर स्केचपेनने एक ओरडणारा माणूस काढला आहे आणि खाली ‘बाबांची बातमी’ असं लिहिलं आहे. माणूस चांगला जमलाय.

२७ सप्टेंबर

टेप घेऊन हॉल मोजला. पंच्याहत्तरसाठी सोफा बराच मागे सरकवायला हवा, नाहीतर मान मोडते असं सगळीकडे लिहिलेलं आहे. सोफ्याच्या मागे खिडकीपर्यंत आईचा दिवाण. घोडं इथे अडलं.

मोजमाप चालू असतानाच धाकट्याचा फोन आला. मी पहिला प्रश्न विचारला, तुझा टीव्ही किती इंची? तो म्हणाला, काय की रे दादा, बघितलं नाही कधी. स्वतःच्या टीव्हीचा आकार माहीत नाही! लपवतोय. बराच मोठा असणार. पुढे तो त्याच्या मुलाबद्दल काहीतरी सांगत होता, होस्टेल सोडून नोव्हेंबरात घरी येतोय, आई त्याच्या खोलीत असते, तेव्हा आता आईचं असं म्हणणं आहे की... पण माझ्या एका हातात टेपचं टोक होतं आणि दुसरं टोक सुटून सपकन हातावर बसलं. नंतर बोलू म्हणालो.

एक गोष्ट मात्र टिपून ठेवण्यासारखी. तिथे आईला स्वतंत्र खोली आहे. म्हणजे टीव्हीसमोर गर्दीही नाही. धाकट्याने सगळा विचार केलेला दिसतो.

३० सप्टेंबर

पंच्याहत्तर नक्की.

महिनाअखेर आली. पण नक्की झालं हेच मोठं काम. आता फक्त कोटेशनं.

६ ऑक्टोबर

दोन कोटेशनं हातात. तिसरं मिळत नाही. तिसऱ्या दुकानदाराचं म्हणणं, कोटेशन कसलं मागता, किंमत खोक्यावर लिहिलेली आहे. मी त्याला लेटरहेडवर दे म्हणालो. त्याने माझ्याकडे असं बघितलं की मी उगाच एक वायर विकत घेऊन बाहेर पडलो. वायर कशाची आहे ते घरी कोणालाच कळलं नाही.

पहिल्या दुकानातला सेल परवा संपतो. तिसऱ्या कोटेशनाशिवाय तक्ता पूर्ण होत नाही. तक्त्याशिवाय निर्णय घेतला तर मग माझ्यात आणि रस्त्यावरच्या माणसात फरक काय?

९ ऑक्टोबर

सेल संपला.

बायको काही बोलली नाही. तिचं न बोलणं फार लांब पोचतं.

१३ ऑक्टोबर

ऑफिसात उशीर. स्टोअरकीपर हातमोज्यांची पेटी परत घ्या म्हणून डोक्यावर बसला होता. कामगार म्हणे पुन्हा जुन्या फाटक्या मोज्यांनी काम करतात. मी त्याला सांगितलं, वापरायची सवय लावा. घरी आलो तर अंगात त्राण नव्हतं. हिरव्या रेघेचा टीव्ही तसाच लावून बसलो. दिवाणावर पाय पसरले. तो रिकामा असल्याचा एवढा फायदा.

फिरायला जाणे पुढच्या महिन्यापासून. थंडीत मजा येते.

१८ ऑक्टोबर

टीव्ही घेतला!

तिसरं कोटेशन सर्वज्ञाच्या मेहुण्याच्या दुकानातून आणलं, ते सर्वांत महाग निघालं, आणि डिलिव्हरी वेळेत देणारा तो एकटाच निघाला. पंधरा नोव्हेंबर चुकवून चालणार नाही. म्हणून तिथूनच घेतला. तक्ता तरी पूर्ण झाला.

बायकोला सांगितलं की वेळेची किंमत धरली तर हाच सर्वांत स्वस्त पडतो. ती म्हणाली, काखेत कळसा आणि गावाला वळसा. हेच सप्टेंबरात घेतलं असतं तर निम्म्यात झालं असतं. तिला वेळेची किंमत हा प्रकार मुळातून समजावून सांगावा लागेल. आज ताकद नाही.

२१ ऑक्टोबर

सुतार येऊन गेला. टीव्हीच्या मागे लाकडी पॅनेल लागेल म्हणाला, भिंत पोकळ वाजते. सोफा मागच्या भिंतीला लावा म्हणाला. आणि दिवाण? तो म्हणाला, काढा. जणू काही पायात गेलेला काटा आहे.

रात्रीच्या जेवणाला विषय काढला. बायकोचा घास हातात राहिला. तिने विचारलं, आणि आई आल्या तर झोपतील कुठे? मी म्हणालो, सोफा-कम-बेड. दिवसा सोफा, रात्री बेड. दिवाणापेक्षा कितीतरी आधुनिक. त्याचीही कोटेशनं मागवतोच आहे. ती म्हणाली, आणि रात्री म्हणजे किती वाजता त्याचा बेड होणार? काही प्रश्न केवळ विरोधासाठी असतात.

मुलगी ताट उचलून आत गेली.

२५ ऑक्टोबर

दिवाण दिला. भंगारवाला न्यायला आला होता. त्याआधी खालचा कप्पा उघडून बघितला. आईच्या गोधड्या, स्वेटर, शाल, तिचा तो कसकसल्या बाटल्यांचा डबा, हे सगळं काढून ठेवावं लागणार म्हणून मी दोन खोकी आणून ठेवली होती. कप्पा रिकामा होता. पार झाडून पुसून रिकामा. कोपऱ्यात डांबराची एक गोळी.

इतकी नीटनेटकी बाई. पंधरा दिवसांसाठी जातानासुद्धा सगळं आवरून गेली.

बायको रिकाम्या कप्प्याकडे बघत बराच वेळ उभी होती. मग तिने पदराने डोळे पुसले. धूळ फार उडाली होती.

३० ऑक्टोबर

टीव्ही आला. लिफ्टमध्ये मावला नाही. चौघांनी जिन्याने आणला. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या वळणावर अडकला तो अडकलाच. खालचे वर येईनात, वरचे खाली जाईनात. दुसऱ्या मजल्यावरचे रिटायर्ड हेडमास्तर दार उघडून म्हणाले, वळवून आणा. त्यांना बहुधा वाटलं की आम्ही सरळ आणण्याच्या हट्टाला पेटलो आहोत. शेवटी माझ्या सूचनांनी तो निघाला. म्हणजे मी बाजूला झालो आणि जागा झाली.

लावला. चालू केला. पोपट.

डोळ्यांत पाणी आलं, खोटं का बोला. आई बघेल तेव्हा काय म्हणेल!

१ नोव्हेंबर

रिमोटवर आकडेच नाहीत. चॅनेल लावायचं तर आधी ईमेल द्या, मग पासवर्ड द्या, मग फोनवर आलेला नंबर द्या. दोन संध्याकाळी यात गेल्या. टीव्हीने मला तीनदा विचारलं, तुम्ही अजून पाहत आहात का? मी काहीच पाहत नव्हतो.

शेवटी मुलीने येऊन काहीतरी दाबलं आणि झालं. काय दाबलंस विचारलं तर म्हणाली, तू ओरडत असताना दाबलं, आठवत नाही.

फिरायला जाणे आजपासून सुरू करायचं होतं. मान धरली आहे.

५ नोव्हेंबर

चर्चेचा कार्यक्रम पंच्याहत्तर इंचांवर पाहणे हा वेगळाच अनुभव आहे. नऊ माणसं घरात येऊन भांडल्यासारखं वाटतं. एकाच्या कानातले केस स्पष्ट दिसले. चित्र अतिशय उत्तम.

बायको हल्ली जेवण झालं की झोपायच्या खोलीत जाते. मुलगी तिच्या खोलीत दार लावून अभ्यास करते. आवाज कमी करा असं दोघी आतून सांगतात. मोठा टीव्ही घेतला तो सगळ्यांनी एकत्र बसावं म्हणून, पण पहिले काही दिवस मला एकट्याला मनसोक्त बघू द्यावा, असा त्यांचा समजूतदारपणा दिसतो.

११ नोव्हेंबर

सोफा-कम-बेडवाला म्हणतो, अजून एक महिना. कापड यायचं आहे. मी त्याला म्हणालो की कापडाशिवाय दे. तो म्हणाला, मग नुसता लोखंडी सांगाडा राहतो. थोडा वेळ मी त्याचाही विचार केला.

हरकत नाही. पहिल्या रात्री आई मुलीच्या खोलीत झोपेल. किंवा आम्ही दोघं हॉलमध्ये गादी टाकू. किंवा बघू. मुख्य काम झालेलं आहे. तपशील नंतर ठरतात.

१५ नोव्हेंबर, सकाळ

आज आई.

लवकर उठलो. पडदा मऊ कापडाने पुसला. पोपटाची फीत शोधून ठेवली. बायकोला म्हणालो, आई आली की तू काही बोलू नकोस, आधी तिला बघू दे.

१५ नोव्हेंबर, रात्री

आई आली आणि गेली.

धाकट्याने अकराच्या सुमाराला आणून सोडलं. तिच्या हातात एक बॅग, त्याच्या खांद्यावर दोरीने बांधलेली वळकटी. कवळी बसवायला वळकटी कशाला, ते मला कळेना. धाकटा ती दाराशी चपलांच्या मांडणीजवळ ठेवून पुढे कामाला गेला.

आई हॉलमध्ये आली. मी टीव्ही लावूनच ठेवला होता. तिने आधी मागच्या भिंतीकडे बघितलं, खिडकीखाली. तिथे सोफा. मग स्वयंपाकघराच्या बाजूला बघितलं. मग सगळीकडे. मी म्हणालो, तिकडे काय बघतेस, समोर बघ. तिने बघितलं. म्हणाली, अगं बाई, केवढा रे हा!

मी तिला सोफ्यावर बसवलं. मांडीवर बॅग घेऊन ती पोपट बघत बसली. मी तिला काळा रंग खरा काळा कसा असतो ते सांगितलं. तिने मन लावून ऐकलं. मग एकच विचारलं, हा बंद कसा करतात रे? या वयात तांत्रिक गोष्टींची एवढी जिज्ञासा! मी रिमोटवरचं बटण दाखवलं. तिने ते दोनदा दाबून बघितलं. बंद, चालू. मग रिमोट माझ्याकडे परत दिला.

दंतवैद्याकडे नेऊन आणलं. कवळी छान बसली. जेवणं झाली. जेवल्यावर ती म्हणाली की पाठ जरा टेकते, कुठे टेकू? प्रश्न साधाच होता. मी सोफ्याकडे हात केला. सोफा छोटा, तिला पाय पोटाशी घ्यावे लागले. मी आवाज कमी केला. बराच कमी केला. बायको येऊन तिला आमच्या खोलीत घेऊन गेली.

नंतर आतून बोलण्याचा आवाज येत होता. बायको तिला राहा म्हणत होती, मुलीच्या खोलीत झोपा म्हणत होती. आई म्हणत होती की नको गं, तिची परीक्षा आहे, रात्ररात्र दिवा लागतो पोरीचा, तिला माझी अडचण व्हायची. मग आईने धाकट्याला फोन लावला. तिचा फोनवर बोलताना आवाज मोठा होतो, म्हणून मला सगळं ऐकू आलं. म्हणाली, संध्याकाळी जाताना मला परत घेऊन जा. नाही रे, भांडण कशाला, सगळे छान आहेत. जागा नाहीये, एवढंच.

संध्याकाळी धाकटा आला. टीव्हीकडे बघून छान आहे म्हणाला. मग दाराशी बाजूला घेऊन मला म्हणाला, दादा, तुला फोनवर सांगत होतो ना, पोरगा घरी येतोय, आणि आई आपणहून म्हणाली की आता मी दादाकडे जाऊन राहते, तिथे माझा दिवाण आहे. मी म्हणालो, सोफा-कम-बेड येतोय. तो म्हणाला, असू दे रे, पोराला आम्ही हॉलमध्ये टाकू.

वळकटी मी खाली नेली. तिच्यात गोधडी होती, उशी होती, उशीला घरचा अभ्रा. हलकी होती. तरी प्रत्येक मजल्यावर थांबत गेलो. गाडीत बसताना आई म्हणाली, छान घेतलास हो टीव्ही, उगाच एवढा खर्च केलास. मी म्हणालो, तुझ्यासाठीच घेतला. ती काहीच बोलली नाही, नुसता माझा हात धरून ठेवला. नव्या कवळीमुळे तिला बोलताना त्रास होत असावा.

वर आलो तेव्हा पोपट चालूच होता. मला फार वाईट वाटतं आहे. उद्या सोफा-कम-बेडवाल्याला चांगलं फैलावर घेतलं पाहिजे.

१६ नोव्हेंबर

त्याला फोन केला नाही.

१८ नोव्हेंबर

ऑफिसातून आलो आणि आईला फोन लावला. कवळीची चौकशी केली. मग जे खरेदी विभागात कधी करत नाहीत ते केलं. वापरणाऱ्याला विचारलं. म्हटलं, आई, जूनमध्ये तू का गेलीस?

ती आधी नाही रे, तसं काही नाही म्हणाली. मी गप्प राहिलो. फोनवर गप्प राहणं मला जमत नाही, पण राहिलो. मग ती म्हणाली, काही नाही रे बाबा, वय झालं. नऊ वाजले की दिवा मालवून पडावंसं वाटतं. तू दमून येतोस, तुलाही चार घटका करमणूक हवीच की. मग कशाला दोघांची ओढाताण?

मी विचारलं, आणि धाकट्याचा टीव्ही? ती म्हणाली, तो होय? तो लावतात कधी कोण जाणे. आहे वाटतं त्यांच्या खोलीत.

फोन ठेवला. गरज अशी: नऊ वाजता अंधार. याला कोटेशन लागत नाही.

चर्चेचा कार्यक्रम लागला होता. नऊ माणसं आली होती. नऊ वाजता टीव्ही बंद केला. मग दिवाही बंद केला आणि सोफ्यावर बसून राहिलो. खिडकीतून बाहेरचा थोडा उजेड आला. खालच्या मजल्यावर कोणीतरी भांडी लावत होतं, ते ऐकू येत होतं. इतक्या वर्षांत या वेळेला हे कधी ऐकलं नव्हतं. असा मी बराच वेळ बसलो असेन.

बायकोने आतून विचारलं, अहो, लाइट गेली का?